पांढरीवरच्या सिस्टर

"इथी बायंतीन कुठी निजत असन?"

कोणत्याही पडक्या, उजाड जागी पाय ठेवला की सिस्टरचा पहिला प्रश्न हा. पदर कमरेला खोचायचा, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरून सगळीकडे पाहायचं. भोवती असायचे चार ढासळलेले दगड, तरोट्याची झुडपं, एखादी चुकार शेळी. त्यातच त्यांना घर दिसायचं, घराचा कोपरा दिसायचा, आणि त्या कोपऱ्यात नुकतीच बाळंत झालेली बाई दिसायची. मग त्या स्वतःच मान हलवायच्या. "इथी नाई. इथी वारा लागते. तिकडं असन, भितीकडं."

तुम्हीआम्ही जुन्या जागा पाहायला गेलो की राजा कोण होता ते विचारतो. लढाई झाली का, भुयार कुठवर जातं, खजिना निघाला का. सिस्टरना राजाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना चूल हवी असायची, पाण्याची जागा हवी असायची आणि बाळंतिणीची खोली. यातलं काहीच सापडलं नाही तर त्या खट्टू होऊन गाडीत येऊन बसायच्या.

मी तेव्हा वणीच्या पुढे, वर्धा नदीच्या बाजूच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाच्या खिडकीवर होतो. सिस्टर आमच्याच केंद्राच्या नदीकाठच्या उपकेंद्रावर नर्स. माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाच्या. सावळ्या, बुटक्या, चालताना किंचित पुढे झुकलेल्या. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. आजूबाजूच्या गावांत त्यांना म्हातारेही सिस्टर म्हणत आणि त्यांच्या हातावर जन्मलेली पोरंही सिस्टरच म्हणत.

लसीकरण आटोपलं की आमची जीप परत निघायची. निळ्या डब्यात उरलेल्या लसी, मागे मी, पुढे सिस्टर, आणि गाडीवर शंकरभाऊ. मध्येच सिस्टर म्हणायच्या, "शंकरभाऊ, जराशी वळवता का इकडं?"

"कायले, सिस्टर? तिथी काय हाये? गोटेच तं हाये."

"गोटेच पाहाले जायचं हाये."

शंकरभाऊ कपाळाला हात लावायचा आणि गाडी वळवायचा. आम्ही उतरलो की तो सीट मागे पाडून टोपी तोंडावर घ्यायचा. मला कॉलेजपासून या गोष्टींची थोडी आवड होती, चारदोन पुस्तकं वाचलेली होती. माझ्याकडे अशी पुस्तकी माहिती, आणि सिस्टरकडे हा एक प्रश्न. दोन्ही मिळून जे तयार व्हायचं त्याला इतिहास कुणी म्हणणार नाही, पण आमचे ते दिवस चांगले गेले.

हा नाद त्यांना कसा लागला, ते मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "गावोगाव पायी फिरून राह्यली न मी. वावरातून जाताना पायाखाली खापरं येत. मनात ये, इथी लोक होते, आन् आता नाई. म्हंजे गेले कुठी?"

प्रत्येक उजाड जागेचं त्या निदान करत. नदीच्या वळणावर एका शेतात मोठमोठ्या जुन्या विटांचा ओटा उघडा पडला होता. सिस्टर त्याभोवती फिरल्या, नदी किती लांब आहे ते पाहिलं आणि म्हणाल्या, "हे गाव जुलाबानं गेलं." मी म्हणालो, नदीनं पात्र बदललं असेल, व्यापाराची वाट बदलली असेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असन बाप्पा. पन जुलाब बी असन. मीठ-साखरेचं पानी कोनी सांगतलं असतं तं आधं गाव वाचलं असतं." दुसरीकडे एका टेकडीवरच्या वस्तीला त्यांनी गलगंड ठरवला. एका ठिकाणी दार फार बुटकं दिसलं, तर इथल्या बायका खुरटलेल्या असणार म्हणून त्यांना सिस्टरनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्यासारख्या सांगितल्या. त्यांची निदानं बहुतेक चुकलेलीच असणार. पण आपण सगळे ज्यांच्याबद्दल "ते लोक" असं बोलतो, त्यांच्याबद्दल सिस्टर आपल्या हद्दीतल्या लोकांसारखं बोलत. एकदा भेट द्यायची राहून गेली, एवढंच.

एका गावात कोरीव नक्षीचा मोठा दगड एका बाईनं कपडे धुवायला ठेवला होता. आमच्यासोबत त्या दिवशी नागपूरहून आलेले माझे एक नातेवाईक होते. ते हळहळले, त्या बाईला दोन शब्द सुनावू लागले. सिस्टर मध्ये पडल्या. "राहू द्या जी. देऊळ पडलं तवापासून त्याले कोनी हात नव्हता लावला. आता रोज आंघोय होते त्याची." ती बाई हसली आणि आम्हाला चहा मिळाला.

पण त्या नेहमीच अशा नसायच्या. एका बरडावर दगडांची वर्तुळं होती. माणसाच्या कमरेएवढे धोंडे गोल मांडलेले, मध्ये मातीचा उंचवटा. सिस्टरनी आपला प्रश्न विचारला. मी सांगितलं, ही घरं नाहीत सिस्टर, थडगी आहेत. माणूस खाली पुरायचा आणि वर असे दगड रचायचे. त्या एकदम बाहेरच्या बाहेरच थांबल्या. एक पाय पुढे टाकला होता तो मागे घेतला. बराच वेळ त्या धोंड्यांकडे पाहत राहिल्या.

"एवढाले गोटे कोनासाठी आनले असतील?"

"कुणी मोठा माणूस असेल."

"हाव," त्या म्हणाल्या. "लेकरासाठी कोनी नाई आनत एवढाले."

गाडीत त्या डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, उन्हानं दमल्या असतील.

त्यांचं स्वतःचं गाव नदीकाठीच होतं. लग्न होऊन त्या तिथं आल्या, नवरा काही वर्षांनी आजारानं गेला, आणि मग त्या दिराच्या घराला लागून दोन खोल्यांत एकट्या राहत. मूलबाळ नव्हतं. गावाच्या मागे पांढर होती. आमच्या भागातली जमीन काळी, कापसाची. त्या काळ्या रानात मध्येच एखादं पांढुरक्या मातीचं टेकाड दिसतं. ती जुन्या वस्तीची जागा. शेकडो वर्षांची चुलीची राख, भिंतींची माती, शेण, हाडं, खापरं असं सगळं कुजून, मुरून ती माती पांढरी होते. लोक तिला पांढर म्हणतात, खत म्हणून वावरात टाकतात, बायका तिनं घरं सारवतात.

सिस्टरच्या गावातलं प्रत्येक घर त्या पांढऱ्या मातीनं सारवलेलं होतं. सिस्टरचं तेवढं गेरूचं. मी विचारलं तर म्हणाल्या, "मले नाई आवडत तो रंग." आणि दुसरी गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. लांबलांबच्या रानांत पडकी देवळं पाहायला जाणाऱ्या या बाई आपल्या घरामागच्या पांढरीवर कधी चढल्या नव्हत्या. मी एकदोनदा म्हणालो, चला, तुमचीच पाहू. त्यांनी कधी लसींचं कारण सांगितलं, कधी गुडघ्याचं.

मग कोळशाची खाण गावाकडे सरकली. तुम्ही त्या बाजूनं गेला असाल तर पाहिलं असेल, खाण काही एका दिवसात येत नाही. आधी आवाज येतो. दुपारी सुरुंग उडाला की उपकेंद्राच्या काचा थरथरत, आणि खिडकीपाशी इंजेक्शन घ्यायला बसलेलं पोर सुई टोचायच्या आधीच रडायला लागे. मग भिंतींना भेगा पडल्या. मग विहिरीचं पाणी गेलं. शेवटी गाव उठणार असं पक्कं झालं. रस्त्यापलीकडे माळावर नव्या गावाचे प्लॉट पडले, त्यांना नंबर मिळाले. पांढरही खाणीच्या हद्दीत आली होती. ती जाण्याआधी काय आहे ते पाहून घ्यावं म्हणून बाहेरच्या विद्यापीठातून खोदकाम करणारी मंडळी आली.

त्यांच्या प्रमुख एक मॅडम होत्या. उन्हानं रापलेल्या, मोठी टोपी घातलेल्या, कमी बोलणाऱ्या. गावातल्याच बाया त्यांच्याकडे खोदायला, माती चाळायला जात. सिस्टर तरीही वर गेल्या नाहीत. एक दिवस मॅडमच्या हाताला गंजका खिळा लागला आणि त्या धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला उपकेंद्रात आल्या. मी त्या दिवशी औषधं पोचवायला तिथंच होतो. सिस्टरनी जखम धुतली, सुई दिली, पट्टी बांधली. मग पट्टीचं टोक चिकटवता चिकटवता, मान वर न करता विचारलं, "मॅडम, तुमाले तिथी बायंतिनीची जागा सापडली का?"

मॅडमना आधी भाषा कळली नाही. मी समजावून सांगितलं. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "या ना वर. दाखवते."

अशा सिस्टर पहिल्यांदा पांढरीवर चढल्या. चौकोनी खड्डा होता, त्याच्या तळाशी एका घराची जमीन उघडी झाली होती. दोन हजार वर्षांहून जुनी, मॅडम म्हणाल्या. मला तर ती नुसती टणक माती दिसली. मॅडमनी बोटानं दाखवलं, ही खांबांची भोकं, इथं रांजण होता, ही चूल, राख अजून आहे पाहा. "बाळंतीण कुठे निजायची ते नक्की नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "पण थंडीचे दिवस असतील तर चुलीजवळ, नाही का?"

सिस्टरनी पदर खोचला नाही, गोल फिरल्या नाहीत. खड्ड्याच्या काठावर बसून राहिल्या. "हाव. चुलीजोळच," त्या म्हणाल्या. "शेक लागते."

नंतर त्या रोज जाऊ लागल्या. ड्यूटी संपली की पांढरीवर. खोदणाऱ्या बायांना त्या सावलीत बसायला लावत, पाणी प्यायला लावत, मॅडमना जेवणाच्या वेळेवरून रागावत. मी गेलो की मला ते घर दाखवत, जणू कुण्या दूरच्या नात्यातल्या माणसाचं घर त्यांना सापडलं होतं. "हे पाहा भाऊ, रांजन इथी. मंग पानी आननारी बाई अशी आली असन, इकडून." त्या दिवसांत मी त्यांना जितकं खुशीत पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं.

एका सकाळी मॅडमचा निरोप आला. मी आणि सिस्टर वर गेलो तेव्हा खड्ड्यातल्या बायांनी हातातली कामं थांबवली होती. चुलीच्या बाजूला, घराच्या जमिनीच्या खाली, एक मडकं आडवं निघालं होतं. त्याचा वरचा भाग फुटलेला होता. मॅडम पोटावर पडून लहानशा कुंच्यानं आतली माती काढत होत्या. आत हाडं होती. माझ्या करंगळीपेक्षा बारीक.

"लहान बाळ आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "जन्मताच गेलेलं असेल, किंवा थोड्या दिवसांचं. काही काही ठिकाणी असं सापडतं. तान्ही बाळं गेली की बाहेर नेत नसत. मडक्यात ठेवून घरातच जमिनीखाली पुरत."

सिस्टर खड्ड्यात उतरल्या. तिथं कुणाला उतरू देत नसत, पण मॅडमनी अडवलं नाही. त्या मडक्याजवळ उकिडव्या बसल्या. पाहत राहिल्या.

"घरातच?"

"हो."

"माय जिथी निजे तिथीच?"

"जवळपास तिथंच."

"म्हंजे तिले माहीत होतं," सिस्टर म्हणाल्या. "आपलं लेकरू कुठी हाये ते तिले माहीत होतं."

मॅडमना काही कळलं नाही. मलाही नाही. सिस्टर उठल्या, खड्ड्यातून वर आल्या आणि घराकडे न जाता सरळ दिराच्या अंगणात गेल्या. मी मागोमाग गेलो, कारण त्यांची चाल मला बरी वाटेना.

देवरावभाऊ, त्यांचे दीर, बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. सिस्टर त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. गावाच्या रीतीप्रमाणे इतकी वर्षं त्या दिराशी मोजकंच बोलत आल्या होत्या.

"भाऊजी, माह्यं लेकरू कुठी ठेवलं होतं?"

देवरावभाऊंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

तेव्हा मला कळलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सिस्टर बाळंत झाल्या होत्या. नदीला पूर होता, रस्ता बंद, गावात नर्स नव्हती. बाळ मेलेलंच जन्मलं आणि त्या स्वतः बेशुद्ध होत्या. शुद्धीवर आल्या तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. सासरा आणि नवरा कापडात गुंडाळून ते पांढरीकडे घेऊन गेले होते. सासू म्हणाली, आलं तसं गेलं, आता नाव काढू नको. नवऱ्यानं मरेपर्यंत जागा सांगितली नाही. मूल पुन्हा झालं नाही. त्यानंतरच त्या हट्ट करून यवतमाळला नर्सचं शिकायला गेल्या होत्या. हे सगळं त्यांनी मला त्या दिवशी, नंतर, दोनचार वाक्यांत सांगितलं.

"मी बी संगं होतो तवा," देवरावभाऊ म्हणाले. "बाबानं कुदय माह्या हातात देलती. म्हनून माहीत हाये."

"मंग चाला."

म्हातारा काठी घेऊन उठला. आम्ही पांढरीच्या पलीकडच्या अंगाला गेलो. तिथं उतारावर बोरीचं एक जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्यापासून थोडं खाली त्यांनी काठी टेकवली.

"इथी, वैनी."

सिस्टर खाली बसल्या. मग त्यांनी विचारलं, "काय होतं?"

"म्हंजे?"

"पोरगा का पोरगी? मले कोनी सांगतलंच नाई."

देवरावभाऊंनी डोक्यावरचं दुपट्टं काढून हातात घेतलं. "पोरगी होती, वैनी. केस होते लय. बाबा रडले होते."

सिस्टरनी मातीवर तळहात ठेवला. गरोदर बाईचं पोट तपासताना त्या जसा ठेवत तसा. बोटं पसरून, न दाबता, आत काही हालतं का ते पाहत असल्यासारखा. मी दुसरीकडे पाहू लागलो. खाली नदीच्या बाजूनं दुपारचा भोंगा झाला, मग सुरुंग उडाला, आणि बोरीच्या झाडावरून धूळ खाली आली.

मॅडमना हे कळलं तेव्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या सिस्टरच्या घरी आल्या. चांगली बाई होती ती. चाचरत म्हणाल्या, "तुम्हाला हवं असेल तर मी स्वतः पाहते. माझ्या हातानं, हळू. काही मिळालं तर तुम्ही दुसरीकडे नेऊ शकाल. नंतर इथे काही उरणार नाही, तुम्हाला माहीत आहे."

सिस्टरनी चहा टाकला. मग कप पुढे करत म्हणाल्या, "नको जी. त्या मडक्यातल्या लेकराले तुमी काल डब्यात ठेवलं. डब्यावर नंबर टाकला. मी पाह्यलं. तुमचं कामच हाये ते, तुमी वाईट नाई केलं. पन माह्यी पोरगी राहू द्या तिथीच."

"पण खाण..."

"माहीत हाये मले," सिस्टर म्हणाल्या. "माहीत हाये."

त्यांनी बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. मॅडम गेल्यावर मी एवढंच म्हणालो, सिस्टर, पुन्हा विचार करा. त्या म्हणाल्या, "भाऊ, काढलं आन् काहीच नाई निघालं तं? आता निदान ती तिथी हाये."

खोदकाम अर्ध्यातच संपलं, मुदत संपली म्हणून. मॅडम आणि त्यांची मंडळी खोकी भरून निघून गेली. जाताना त्या सिस्टरच्या पाया पडल्या. मग एकेक घर उठू लागलं. लोकांनी आपापल्या घरांची दारं, खिडक्या, पन्हाळी पत्रे काढून ट्रॅक्टरवर घातले, आणि दारांविना घरं काही दिवस तशीच उभी राहिली. जीप तिथून जायची तेव्हा शंकरभाऊ गाडीचा वेग वाढवायचा. आधी जुन्या गावांना तो गोटे म्हणून हसायचा. आता तो हसत नसे.

पांढरीवर यंत्र चढलं त्या दिवशी नव्या गावात लसीकरण होतं. समाजमंदिराच्या ओट्यावर बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. एक पोरगा धावत आला आणि म्हणाला, पांढर खोदून राह्यले, बोरीचं झाड पडलं. सगळ्या बायांनी सिस्टरकडे पाहिलं. तोवर गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. सिस्टरच्या हातात सिरिंज होती. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, हवेचा बुडबुडा काढला आणि म्हणाल्या, "आन वं इकडं. कोनाचं हाये पुढचं?" त्या दिवशी त्यांनी शेवटच्या पोरापर्यंत काम केलं.

निवृत्तीनंतर त्या नव्या गावातच राहिल्या. रस्ते सरळ, घरं सारखी, झाड एकही नाही. पलीकडे खाणीतून काढलेल्या मातीचा ढिगारा वाढत होता, काळी, पिवळी, पांढरी सगळी माती एकमेकींत मिसळलेली. वारा तिकडून असला की घरात धुळीचा थर बसे. सिस्टरना दम्याचा त्रास सुरू झाला. माझी बदली घाटंजीला झाली होती, तरी वणीला काम निघालं की मी त्यांच्याकडे डोकावत असे. दारात बाया असायच्याच, कुणाचं पोर तापलेलं, कुणाची सून अवघडलेली.

एकदा मी म्हणालो, "सिस्टर, आमच्या घाटंजीकडे रानात एक जुनं देऊळ आहे, टाकं आहे. या एकदा. गाडी घेऊन येतो."

"नको भाऊ," त्या म्हणाल्या. "आता पाहून झालं."

मग त्या पुन्हा म्हणाल्या, "मले वाटे, मानूस जाते पन जागा राह्यते. तेवढंच पाहाले जात होती मी. आता जागा बी जाते म्हटल्यावर काय पाहाचं?"

थंडीच्या शेवटी शंकरभाऊचा फोन आला. सिस्टर सकाळी उठल्याच नाहीत. मी पोचलो तेव्हा नव्या गावाच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या गावांतून माणसं आली होती, आणि बायाच जास्त. आमच्याकडे बाया सहसा अंत्ययात्रेला जात नाहीत. त्या दिवशी त्या निघाल्या आणि त्यांना कुणी थांबवलं नाही.

नेमकं न्यायचं कुठं, यावर मात्र गाडं अडलं होतं. नव्या गावाला स्मशानासाठी जागा आखून दिलेली होती, पण तिथं अजून नुसत्या खुंट्या आणि वेडी बाभूळ. देवरावभाऊ म्हणाले, "वैनीले आपल्या घाटावर न्यायचं. माह्या भावाले नेलं तिथीच." घाट नदीवर, जुन्या गावापलीकडे. आणि तिकडचा रस्ता आता खाणीच्या फाटकातून जात होता.

फाटकाशी पोचलो तेव्हा दांडा आडवा होता. पहारेकरी नवा होता, बाहेरगावचा. त्यानं पास विचारला. कुणीतरी समजावलं, कुणी आवाज चढवला. तो बिचारा फोन लावत राहिला, पलीकडून कुणी उचलेना. शेवटी खांदेकऱ्यांनी तिरडी रस्त्यातच दांड्यासमोर खाली ठेवली. आतल्या बाजूला कोळशाचे डंपर येऊन थांबू लागले. एकामागे एक, लांबवर रांग. इंजिनं घरघरत होती, धुळीनं पुढचं काही दिसत नव्हतं.

पहिल्या डंपरचा चालक खाली उतरला. तरुण सरदार होता. दांड्यापाशी येऊन त्यानं तिरडीकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या एवढ्या बायांकडे पाहिलं.

"किसकी माताजी हैं?" त्यानं विचारलं.

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग देवरावभाऊ काठी टेकत पुढे झाले.

"माह्यी वैनी हाये. मेरी भाभी."

"बच्चे नहीं हैं इनके?"

म्हाताऱ्यानं मान वर केली आणि फाटकाच्या आत, जिथं आता खोल खड्डा होता, त्या दिशेला हात केला.

"एक लडकी थी," ते म्हणाले. "यहीं थी."

त्या चालकाला किती समजलं कोण जाणे. त्यानं त्या दिशेला पाहिलं. मग पहारेकऱ्याकडे न बघता त्यानं दांड्याला हात घातला आणि तो वर केला. पहारेकऱ्यानं फोन खिशात ठेवला. चालक आपल्या गाडीकडे परत गेला, इंजिन बंद केलं आणि हात बाहेर काढून मागच्याला खूण केली. त्यानं त्याच्या मागच्याला केली. एकेक इंजिन बंद होत गेलं. चालक खाली उतरून आपापल्या चाकाशी उभे राहिले.

आम्ही तिरडी उचलली. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर मी एवढी शांतता ऐकली नव्हती. चालताना समोरची धूळ हळूहळू खाली बसत गेली, आणि ढिगाऱ्यांच्या मधून, खाली, नदीचं पाणी दिसू लागलं.